इंग्रजीच्या तासाला गप्प बसणारे विद्यार्थी आणि खिशातला फोन: ‘ब्लेंडेड लर्निंग’नं नेमकं काय बदलतं?

मुंबईत ‘गोराई’ हे नाव दोन ठिकाणांना आहे. एक म्हणजे बोरिवली पश्चिमेची गोराई वसाहत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या प्रकल्पात चारकोपबरोबर इथंही भूखंड आखून दिले गेले आणि त्यावर आजची वस्ती उभी राहिली. दुसरं म्हणजे खाडीपलीकडचं मूळ गोराई गाव. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांचं हे गाव आता समुद्रकिनारा आणि २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडासाठी ओळखलं जातं. तिथून बोरिवलीला यायचं तर फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा घ्यायचा.

बारावीनंतर दोन्हीकडची मुलं पदवीसाठी बोरिवली, कांदिवली, मालाड, अंधेरी किंवा थेट चर्चगेटपर्यंत जातात. त्यांच्यात मराठी माध्यमातून आलेलीही असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे आज पदवीच्या पहिल्या वर्षात बसणाऱ्या मुलीनं इंग्रजी हा विषय बारा वर्षं घेतलेला असतो. तरीही वर्गात नाव पुकारलं की ती ‘मॅडम, माझं नको’ म्हणून मान खाली घालते.

तिला इंग्रजी येत नाही, असं म्हणणं चुकीचं आहे. ती रिकाम्या जागा भरते, धड्यावरची उत्तरं लिहिते, फोनवरचे मेन्यू आणि व्हिडिओखालच्या ओळी वाचते. अडतं ते बोलताना. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बँक, विमानतळ, हॉटेल किंवा कॉल सेंटरच्या मुलाखतीत गुणपत्रिका पाहिली जाण्याआधी तोंड उघडावं लागतं. पहिल्या दोन मिनिटांत समोरच्याचं मत बनतं. त्या दोन मिनिटांसाठी कॉलेजची तीन वर्षं काय करतात, हा इथला खरा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘ब्लेंडेड लर्निंग’, म्हणजे थोडं वर्गात आणि थोडं ऑनलाइन.

‘ब्लेंडेड’ म्हणजे काय, आणि काय नाही?

विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१ मध्ये या विषयावर एक टिपण प्रसिद्ध केलं. स्वयम्‌वरचे अभ्यासक्रम सोडून इतर प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकवावा, असा त्यातला प्रस्ताव होता. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिक्षणाची सांगड घालायला सांगितलं होतं.

कल्पना मात्र जुनी आहे. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये दूरशिक्षण सुरू केलं, तेव्हा घरपोच पाठ आणि अधूनमधून व्याख्यानं असाच मेळ होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, तेही पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रांवरच्या गाठीभेटी यांच्या जोरावर. नवं आहे ते एवढंच, की आता दोन्ही बाजूंनी बोलता येतं. दूरदर्शनला विद्यार्थ्याचं ऐकू येत नव्हतं, फोनला येतं.

टाळेबंदीत जे झालं त्याला ब्लेंडेड म्हणणं योग्य नाही. मार्च २०२० नंतर वर्गातलं व्याख्यान जसंच्या तसं झूम किंवा गुगल मीटवर गेलं, कॅमेरे बंद राहिले आणि शंभर काळ्या चौकोनांसमोर शिक्षक बोलत राहिले. आपत्तीत तेवढंच शक्य होतं. पण त्या अनुभवावरून ‘ऑनलाइन म्हणजे कंटाळा’ असा जो ग्रह अनेकांनी करून घेतला, तो अर्धाच खरा आहे. तसंच, नोट्सची पीडीएफ व्हॉट्सअॅप गटावर टाकणं म्हणजेही ब्लेंडेड नाही. ती झेरॉक्सच्या दुकानाची सोय झाली. कुठलं काम एकट्यानं करायचं, कुठलं चौघांत बसून करायचं, याचा विचार करून दोन्ही भाग एकमेकांत अडकवले असतील, तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

इंग्रजी शिकायची इच्छा येते कुठून?

या प्रश्नावरचं एक महत्त्वाचं काम मुंबईतच झालं आहे, आणि तेही मराठी मुलींवर. १९७२ मध्ये यास्मिन लुकमानी यांचा शोधनिबंध ‘लँग्वेज लर्निंग’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. लुकमानी पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्राध्यापक होत्या. त्यांनी मुंबईतल्या ६० मराठी भाषक शाळकरी मुलींना इंग्रजी का शिकायचं आहे हे तपासलं आणि त्या कारणांची त्यांच्या इंग्रजीच्या कसोटीशी तुलना केली.

त्या काळात या क्षेत्रावर कॅनडातल्या गार्डनर आणि लँबर्ट यांच्या मांडणीचा पगडा होता. ती भाषा बोलणाऱ्या लोकांविषयी ओढ असेल, त्यांच्यात मिसळावंसं वाटत असेल, तर भाषा चांगली येते, असं ती मांडणी म्हणत होती. नोकरी, परीक्षा, बढती अशा कामापुरत्या हेतूला दुय्यम स्थान होतं. मुंबईत चित्र उलटं निघालं. या मुलींना इंग्रज व्हायचं नव्हतं किंवा इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात जाऊन बसायचंही नव्हतं. आपल्याच माणसांत राहून, चांगलं काम मिळवून पुढं जायला हत्यार म्हणून इंग्रजी हवी होती. आणि ज्यांचा हा कामाचा हेतू पक्का होता, त्यांची इंग्रजीही अधिक चांगली होती.

पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी हा निष्कर्ष इंग्रजीच्या वर्गापर्यंत पुरेसा पोचलेला दिसत नाही. आजही आवड निर्माण करायची म्हणजे लंडनमधले संवाद ऐकवायचे, कॉफी शॉपमधला जॉन आणि मेरी दाखवायचे, असं समजलं जातं. गोराईच्या मुलीला जॉनशी काही देणंघेणं नाही. तिला पॅगोडा बघायला आलेल्या पाहुण्याला रस्ता सांगायचा असतो आणि अंधेरीतल्या कंपनीच्या स्वागतकक्षात नोकरी हवी असते. हेतू आधीच आहे. तो वर्गात आल्यावर विझतो, आणि तो का विझतो हे पाहायला हवं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी इथं उपयोगी पडते. माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात, असं ते सांगतात. थोडं तरी आपल्या हातात असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं आणि सोबत कुणी असणं. पदवीच्या सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला या तिन्ही कसोट्या लावून पाहा. विषय सक्तीचा, वेग शिक्षकाचा, चूक सगळ्यांसमोर, आणि बाकावरचा शेजारी सोबती कमी, परीक्षक जास्त. ‘व्हर्नॅक’ हा मुंबईच्या कॉलेजांतला जुना शेरा ज्यानं एकदा ऐकलाय, तो पुन्हा हात वर करत नाही. वर्गातल्या या भीतीचा स्वतंत्र अभ्यास १९८६ पासून होतो आहे. एलेन होर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी तेव्हा परकी भाषा शिकतानाची धास्ती मोजण्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली. गणितात हुशार, गप्पांत पुढे असलेला मुलगासुद्धा भाषेच्या तासाला घाबरू शकतो, कारण तिथं त्याला स्वतःचं म्हणणं लहान मुलासारखं तोडकंमोडकं मांडावं लागतं.

छत्तीस सेकंदांचं गणित

भीती बाजूला ठेवली तरी एक साधा हिशेब उरतो. तास ६० मिनिटांचा आणि वर्गात १०० विद्यार्थी असतील, तर शिक्षकानं तोंडही न उघडता सगळा वेळ समान वाटला तरी प्रत्येकाला ३६ सेकंद मिळतात. प्रत्यक्षात शिक्षक बोलतात, हजेरी होते, पहिल्या बाकावरचे चारजण उत्तरं देतात आणि उरलेल्यांच्या वाट्याला शून्य येतं. बोलल्याशिवाय बोलणं येत नाही. पोहण्याच्या तासाला काठावर बसवून ठेवण्यासारखंच हे.

फोनचा खरा उपयोग इथं आहे, आणि तो व्हिडिओ बघण्यापेक्षा वेगळा आहे. फोनवर एका मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करता येतं, स्वतः ऐकता येतं, पुसून पुन्हा करता येतं. पाचव्या प्रयत्नाला जमलं तर पहिले चार कुणाला कळत नाहीत. वर्गात हे शक्यच नाही. ऐकण्याचंही तसंच. वर्गात वाक्य एकदा येतं आणि जातं, फोनवर ते थांबवून तीनदा ऐकता येतं. डेसी-रायन यांच्या भाषेत, वेग हातात येतो आणि ‘जमतंय’ ही भावना एकांतात आकार घेते.

तिसरी गरज, सोबतीची, फोन भागवत नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटातली शशी गोडबोले न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी शिकते, ती तिच्यासारख्याच अडखळणाऱ्या लोकांनी भरलेल्या वर्गात, हे आठवत असेल. निव्वळ ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी हेच सांगते. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. जगातल्या सर्वोत्तम म्हणवणाऱ्या विद्यापीठांचे, बहुतांशी फुकट मिळणारे हे धडे, तरी शंभरातले सत्त्याण्णव मध्येच गळाले. अशा खुल्या अभ्यासक्रमांना इंग्रजीत जे लघुनाम आहे, त्याचा मराठी उच्चार ‘मूक’ होतो, हा निव्वळ योगायोग.

पवईच्या आयआयटी मुंबईनं २०१४ मध्ये ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हे व्यासपीठ सुरू केलं. तिथल्या प्रा. दीपक फाटक यांनी पुढं मिश्र नमुन्याचा आग्रह धरला, त्यामागचं एक कारण हेच होतं. धडे ऑनलाइन असावेत, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कॉलेजातल्या शिक्षकानं त्यावर वर्गात काम करून घ्यावं. शिक्षकाला बाजूला सारून हे चालत नाही.

मग मिश्र पद्धतीनं खरंच जास्त शिकलं जातं का? अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मिश्र पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस ठरली. हा निष्कर्ष भाषणांतून वारंवार सांगितला जातो. त्याच अहवालातला इशारा मात्र सहसा गाळला जातो. मिश्र पद्धतीतल्या विद्यार्थ्यांनी अनेकदा अभ्यासाला जास्त वेळ दिला होता आणि त्यांना जादा साहित्यही मिळालं होतं, त्यामुळं सगळं श्रेय माध्यमाला देता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. थोडक्यात, फोन हातात आल्यानं कुणी शिकत नाही. फोनमुळं सरावाचा वेळ वाढला, तर शिकतं. हा फरक ज्या कॉलेजांच्या ध्यानात येत नाही, तिथं महागडं सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं आणि भाषा प्रयोगशाळेला कुलूप लागतं.

पंधरा दिवसांचा एक धडा

हे प्रत्यक्षात कसं दिसेल? समजा, संवादकौशल्याच्या विषयात ‘सूचना आणि दिशा सांगणं’ हा घटक आहे. पुस्तकात त्यावर एक संवाद आणि दहा प्रश्न असतात. त्याऐवजी काम असं द्यायचं: बाहेरगावचा एक पाहुणा बोरिवली स्टेशनला उतरला आहे, त्याला पॅगोडाला यायचं आहे, मराठी-हिंदी येत नाही. त्याला फोनवर रस्ता सांगा.

पहिले तीन दिवस फोनवरचं काम. शिक्षकानं आधी स्वतःच्या आवाजात चार-पाच मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण पाठवायचं, वेगळ्याच ठिकाणच्या रस्त्याचं. सोबत मजकूर आणि उपयोगी दहा-बारा वाक्प्रयोग. काम काय करायचं याच्या सूचना मराठीत दिल्या तरी बिघडत नाही. सूचनाच न कळल्यामुळं मागं पडणाऱ्यांची संख्या वाटते त्याहून मोठी असते. मग विद्यार्थ्यानं स्वतःचं एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, हवं तितक्यांदा. ते वर्गाच्या गटावर टाकायचं नाही, फक्त ठरलेल्या जोडीदाराला पाठवायचं. ही अट महत्त्वाची आहे. सगळ्यांच्या गटावर टाकायला लावलं, की वर्गातली भीती फोनवर येऊन बसते. जोडीदारानं चुका काढायच्या नाहीत. न कळलेल्या भागावर फक्त एक प्रश्न विचारायचा.

मग वर्ग. इथं शिक्षकानं दिशा कशा सांगायच्या यावर पुन्हा व्याख्यान दिलं, तर सगळं मुसळ केरात. घरी केलेलं काम वर्गात पुन्हा सांगितलं जाणार असेल, तर पुढच्या वेळी घरी कोण करेल? वर्गाचा वेळ जोड्यांना द्यायचा आणि त्यात एक अनपेक्षित अडचण टाकायची. फेरीबोट नुकतीच सुटली. पाहुण्याकडं सुटे पैसे नाहीत. पाहुणा वसाहतीच्या गोराईत उतरून ‘इथं तर पॅगोडा नाही’ म्हणतोय. (दोन गोराईंचा हा घोळ नवख्या माणसाचा खरोखर होऊ शकतो.) पाठ केलेलं इथं पुरत नाही, सुचेल तसं बोलावं लागतं. पन्नास जोड्या एकाच वेळी बोलायला लागल्या की वर्गात बाजार भरल्यासारखा आवाज होतो. तो होऊ द्यायचा. छत्तीस सेकंदांच्या जागी प्रत्येकाला आता दहा-बारा मिनिटं मिळतात.

दुसऱ्या आठवड्यात हाच सांगाडा मुलाखतीकडं वळवायचा. ‘तुम्ही राहता कुठं? रोज वेळेवर कसं पोचाल?’ खाडीपलीकडून येणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न हमखास अपेक्षित आहे. फेरीबोट, बस आणि लोकल यांचं वर्णन तिनं गेल्या आठवड्यातच केलेलं असतं. तेच शब्द आता स्वतःची बाजू मांडायला वापरायचे. लुकमानींच्या मुलींना इंग्रजी ज्यासाठी हवी होती, ते काम हेच.

‘एवढ्याशा विषयानं साहित्याची गोडी कशी लागणार?’ असा आक्षेप इंग्रजीचे प्राध्यापक घेतात. आक्षेपात तथ्य आहे, पण क्रम चुकतो. बी.ए. इंग्रजीच्या वर्गातही कवितेवर चार वाक्यं बोलायची तयारी आधी असावी लागते. कादंबरीचं एक प्रकरण घरी ऐकून येणं आणि वर्गात पात्राच्या बाजूनं भांडणं, ही त्याच साच्याची पुढची पायरी आहे. व्याख्यान ऐकून परीक्षेत गाइडमधलं उत्तर उतरवण्यापेक्षा ते साहित्याच्या जास्त जवळचं आहे.

अडचणी कुठं येतात?

पहिली अडचण फोनची असते असं वाटतं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक होता १०.७ टक्के घरांत. त्यानंतर स्वस्त डेटामुळं चित्र बरंच बदललं आहे. तरी घरातला एक फोन दोघा-तिघांत वाटला जातो, तेव्हा मोठे व्हिडिओ आणि ठरलेल्या वेळेचे ऑनलाइन तास गैरसोयीचे ठरतात. आवाज हलका असतो. साध्या दर्जाचं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण सव्वा एमबीच्या आसपास बसतं, तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. एकदा उतरवून घेतलं की खाडीत रेंज असो-नसो, ऐकता येतं. बोरिवली ते चर्चगेट लोकलचा प्रवास सुमारे तासाभराचा. त्याआधी बोट आणि बस. ऐकण्यासाठी हा वेळ आयता मिळतो.

बोलण्यासाठी मात्र तो निरुपयोगी आहे. गर्दीच्या डब्यात इंग्रजीत रेकॉर्डिंग कोण करणार? घरी एका खोलीत आजी, टीव्ही आणि धाकटा भाऊ. गावात बाहेर बोलायला उभं राहिलं की ‘काय गं, कुणाशी बोलतेस?’ असा प्रश्न येतो. या कारणानं मागं पडणाऱ्या मुलींना ‘आळशी’ ठरवणं सोपं असतं. कॉलेजनं दुपारी दोन रिकाम्या वर्गखोल्या किंवा वाचनालयाचा एक कोपरा यासाठी मोकळा ठेवला, तर त्याचा उपयोग कुठल्याही अॅपपेक्षा जास्त होईल. (गोराईच्याच पॅगोडा परिसरात विपश्यनेला बसणारे साधक आधी फोन जमा करतात. तिथं लोक शांतता शोधायला फोन सोडतात, इथं मुलांना फोनवर बोलायला शांत जागा सापडत नाही.)

दुसरी अडचण नवी आहे. घरी लिहून आणायचा इंग्रजी निबंध आता यंत्राकडून मिनिटभरात लिहून मिळतो. त्यामुळं ऑनलाइन भागात लेखी काम देऊन त्यावर गुण ठेवणं जवळपास निरर्थक झालं आहे. आवाजही वाचून दाखवता येतो, हे खरं. म्हणूनच वर्गातल्या त्या अनपेक्षित अडचणीचं महत्त्व. घरच्या कामाला गुण नको, वर्गात ते वापरून काय केलं त्याला गुण. हीच यंत्रं सरावाला वापरली तर वाईट नाहीत. रात्री अकरा वाजता चुकीचं वाक्य ऐकून न हसणारा श्रोता फुकट मिळत असेल तर तो घ्यावा. पण त्याच्याशी बोलून झाल्यावर माणसाशी बोलायची वेळ आलीच पाहिजे.

तिसरी अडचण शिक्षकांची, आणि सगळ्यात अवघड तीच. शंभर विद्यार्थ्यांचं प्रत्येकी दोन मिनिटांचं बोलणं ऐकायचं म्हणजे दोनशे मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. एका वर्गाचं, एका कामाचं. ते कुणालाच शक्य नाही, म्हणून जोडीदारांनी ऐकायचं आणि शिक्षकानं आठवड्याला पंधरा-वीस निवडून ऐकायचं, म्हणजे सत्रात प्रत्येकाची पाळी येते. तरी हा वेळ लागतोच. आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांत मोठ्या संख्येनं शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या हिशेबानं, मानधन घेतात. वर्गात उभं राहून व्याख्यान दिलं तर तो तास मोजला जातो. रात्री घरी बसून वीस मुलांचे आवाज ऐकले, प्रत्येकाला दोन वाक्यांचं उत्तर पाठवलं, तर तो तास कशात मोजायचा? चाळीस टक्के ऑनलाइन म्हणताना या चाळीस टक्क्यांचा मोबदला कसा ठरवायचा, हे स्पष्ट झालं नाही, तर शिक्षक पीडीएफ पाठवून मोकळे होतील. त्यांना दोषही देता येणार नाही.

परीक्षेचंही तसंच आहे. वर्षभर बोलून घ्यायचं आणि शेवटी लेखी पेपरच घ्यायचा, तर डिसेंबर उजाडताच मुलं गाइडकडं वळतात. नव्या धोरणानुसारच्या अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाला जागा आहे. तिथं तोंडी कामाला गुण ठेवायचे, की तिथंही एक छोटी लेखी चाचणी उरकायची, हे बऱ्याच अंशी कॉलेजांवर आणि विभागप्रमुखांवर अवलंबून आहे.

फरक पडतोय हे ओळखायचं कसं?

किती जणांनी ध्वनिमुद्रण उघडलं, किती मिनिटं ऐकलं, हे आकडे यंत्र आपोआप देतं. त्यांच्यावर फार विसंबून राहू नये. नवी गोष्ट पहिल्या महिन्यात सगळेच उघडून पाहतात. नव्याची नवलाई ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, काही साध्या गोष्टी पाहाव्यात. पहिल्या आठवड्यात एकदाही न बोललेल्या किती मुलांनी आता वर्गात आपणहून तोंड उघडलं? जोडीदार बदलल्यावर बोलणं थांबलं की चालू राहिलं? मराठीत सुरू केलेलं उत्तर इंग्रजीत पुरं करायचा प्रयत्न झाला का? आणि तास रद्द झाल्याचं कळल्यावर किती जण कॅन्टीनला गेले आणि किती जोड्या त्या मोकळ्या ठेवलेल्या वर्गखोलीत जाऊन बसल्या?

हे मोजायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. एका वहीत, आठवड्याला दहा मिनिटं देऊन, ते लिहून ठेवता येतं.